पास्काचा सण आणि क्षमेचे शिक्षण

प्रभू येशूचे पुनरुत्थान हा ख्रिस्ती श्रद्धेचा पाया आहे. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आपला विश्वास निष्फळ ठरतो, असे संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. तरीही आपल्या अनेक कुटुंबांत नाताळाची जेवढी तयारी होते तेवढी पास्काच्या सणाची होत नाही. उपवासकाळातील क्रूसाची वाट आणि गुड फ्रायडेची उपासना मनाला लगेच भिडते, कारण दुःख प्रत्येकाच्या ओळखीचे असते. पुनरुत्थानाचा आनंद मात्र रविवारच्या मिस्सानंतर जेवणाच्या पंगतीपर्यंत टिकतो आणि सोमवारी आपण आपल्या जुन्या व्यवहारांकडे, जुन्या अबोल्यांकडेही, परततो.

या लेखात आम्ही पुनरुत्थानाचा अर्थ एका विशिष्ट बाजूने मांडणार आहोत. प्रभूने पुनरुत्थानाच्या दिवशीच शिष्यांच्या हाती एक देणगी दिली. ती देणगी म्हणजे पापांची क्षमा. ती देताना त्याच्या हातापायांवर खिळ्यांच्या खुणा होत्या. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे दुसऱ्यांना क्षमा करणे म्हणजे काय, ते का कठीण आहे आणि ते कसे शिकता येईल, यांचा उलगडा होऊ लागतो.

सणाचे नाव आणि दिवस

‘पास्का’ हा शब्द ‘पेसाह’ या हिब्रू शब्दापासून आला आहे. मराठी बायबलमध्ये या यहुदी सणाला ‘वल्हांडण’ असे सुंदर नाव मिळाले आहे. इजिप्तच्या गुलामगिरीतून इस्राएल लोकांची सुटका झाली, संहारक त्यांची घरे ओलांडून गेला आणि ते समुद्र पार करून मुक्त झाले, याची ती आठवण. प्रभू येशूचे दुःखसहन आणि पुनरुत्थान याच सणाच्या दिवसांत घडले. म्हणून ख्रिस्तसभेने त्याला आपला वल्हांडण मानले: मृत्यूतून जीवनाकडे आणि पापाच्या दास्यातून मुक्तीकडे.

या सणाची तारीख दरवर्षी बदलते. इ.स. ३२५ मध्ये भरलेल्या नायसिया येथील धर्मपरिषदेने सर्व ख्रिस्तसभांनी हा सण एकाच रविवारी साजरा करावा, असे ठरवले. प्रचलित गणनेप्रमाणे २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढील रविवार हा पुनरुत्थान रविवार होय. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा जुन्या पंचांगानुसार गणना करीत असल्याने त्यांचा दिवस बहुधा वेगळा असतो. नायसिया परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली त्या २०२५ साली मात्र दोन्ही परंपरांचा सण २० एप्रिल या एकाच दिवशी आला होता.

पास्काची मेणबत्ती

पवित्र शनिवारी रात्री मंदिराबाहेर नवा अग्नी पेटवला जातो. त्यावर पास्काची मेणबत्ती प्रज्वलित होते. या मेणबत्तीवर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षर आणि चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात. क्रूसाच्या आकारात धूपाचे पाच कण त्यात खोवले जातात. हे पाच कण म्हणजे प्रभूच्या पाच जखमा: दोन हातांच्या, दोन पायांच्या आणि एक कुशीची.

ही खूण आपण दरवर्षी पाहतो, पण तिच्याविषयी क्वचितच विचार करतो. पुनरुत्थानाच्या आनंदाची सर्वांत मोठी निशाणी असलेल्या प्रकाशावरही ख्रिस्तसभेने जखमा कोरून ठेवल्या आहेत. त्या लपवलेल्या नाहीत. याच ज्योतीवरून प्रत्येकाची लहान मेणबत्ती पेटते, मग आपण आपल्या बाप्तिस्म्याच्या वचनांची पुन्हा उजळणी करतो. पापाचा आणि सैतानाच्या सर्व कर्मांचा त्याग करतो, असे आपण मोठ्याने म्हणतो. मनात जपलेला वैरभाव या त्यागातून वगळता येत नाही.

पहिल्या सायंकाळची देणगी

संत योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय सावकाश वाचण्यासारखा आहे. पहाटे कबरीपाशी मरिया माग्दालिया रडत उभी असते. पुनरुत्थित प्रभू तिला निरोप घेऊन पाठवतो आणि ज्यांच्याकडे निरोप पाठवायचा त्यांचा उल्लेख तो ‘भाऊ’ असा करतो. हे भाऊ कोण? गेथशेमानी बागेत त्याला सोडून पळालेले, शपथ घेऊन ओळख नाकारणारे आणि क्रूसापाशी न फिरकलेले. त्यांनी अजून क्षमा मागितलेली नाही, तरी नात्याचा शब्द प्रभूने आधी उच्चारला आहे.

त्याच दिवशी सायंकाळी शिष्य भीतीने दारे लावून बसले असताना प्रभू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहतो. तेथील क्रम लक्षात घ्यावा. प्रथम तो त्यांना शांती देतो. मग आपले हात आणि कूस दाखवतो. पुन्हा शांती देऊन त्यांना पाठवतो, त्यांच्यावर श्वास फुंकून पवित्र आत्मा देतो आणि पापांची क्षमा करण्याचा अधिकार त्यांना सोपवतो. पाठीवर दोष लादलेला नाही आणि जाबही विचारलेला नाही. पण जे घडले ते घडलेच नाही, असे सोंगही नाही. जखमा दाखवून मगच क्षमेचा विषय निघाला आहे.

आम्हांला वाटते, ख्रिस्ती क्षमेचे स्वरूप येथे पूर्णपणे दिसते. क्षमा म्हणजे जखम पुसून टाकणे नव्हे. जखम तशीच दिसत असताना तिच्या बदल्यात दुसरी जखम न करणे आणि दुखावणाऱ्याचे भले चिंतणे, ही क्षमा होय. याच अधिकारातून ख्रिस्तसभेत प्रायश्चित्त संस्कार चालत आला आहे. आपल्या वाडवडिलांनी त्याला कुमसार म्हटले. पास्काच्या काळात पापनिवेदन करून ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्याची जी परंपरा ख्रिस्तसभेने विधिनियमांतही जपली आहे, तिचे मूळ या सायंकाळी आहे.

पेत्राला मिळालेली क्षमा

पेत्राची गोष्ट याच शुभवर्तमानात अधिक तपशिलाने येते. प्रमुख याजकाच्या वाड्यात थंडी होती म्हणून चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवला होता. त्या विस्तवापाशी शेकत उभे राहून पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले (योहान १८). पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी प्रभूने शिष्यांसाठी न्याहारी तयार ठेवली तेव्हा तेथेही कोळशाचा विस्तव होता, त्यावर मासळी ठेवलेली होती (योहान २१). कोळशाच्या विस्तवासाठी वापरलेला हा ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो.

आधी प्रभूने सर्वांना खाऊ घातले. जेवण झाल्यावर पेत्राला तीनदा एकच प्रश्न विचारला: तुझे माझ्यावर प्रेम आहे का? तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला, असे योहान नमूद करतो. क्षमा मिळतानाही दुखते, कारण ज्या जागी चूक झाली तेथपर्यंत परत जावे लागते. पण प्रभूने त्याला तेथे लज्जित करून सोडले नाही. प्रत्येक उत्तरानंतर आपली मेंढरे त्याच्या हवाली केली. चुकलेल्याला जवळ बसवून खाऊ घालणे, सत्य बोलणे आणि मग त्याच्यावर पुन्हा जबाबदारी टाकणे, हा प्रभूचा क्रम आपल्या घरांतही उपयोगी पडावा असा आहे.

सहा कोटी दिवसांची मजुरी

भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का, असे पेत्रानेच एकदा विचारले होते. प्रभूने सातच्या जागी सत्तर वेळा सात सांगितले (मत्तय १८). या आकड्यांमागे उत्पत्तीच्या पुस्तकातील लामेखाची बढाई आहे. काईनाचा हा वंशज सत्याहत्तर पट सूड घेण्याची भाषा करतो. सुडाचा तो वाढता हिशेब प्रभूने क्षमेच्या बाजूला फिरवला.

मग प्रभूने निर्दयी चाकराचा दाखला दिला. त्या चाकरावर राजाचे दहा हजार तालांत कर्ज होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे शेतमजुराची एका दिवसाची मजुरी. या हिशेबाने ते कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. हजारो जन्म घेतले तरी न फिटणारे. राजाने ते सोडून दिले. बाहेर पडताच त्या चाकराने आपल्या सोबत्याचा गळा धरला, तो शंभर दिनारांसाठी.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटते. शंभर दिनार ही क्षुल्लक रक्कम नाही. तीन महिन्यांहून अधिक दिवसांची ती मजुरी आहे. गरिबाच्या घरात तेवढ्याने चूल बंद पडू शकते. आपल्यावर झालेला अन्याय काहीच नाही, असे प्रभू म्हणत नाही. तो खरा आहे, मोजता येण्याजोगा आहे. पण आपल्याला देवाकडून जे सोडून मिळाले त्याच्या शेजारी ठेवल्यावर त्याचे माप बदलते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोज स्वतःसाठी जी क्षमा मागतो ती आपण इतरांना केलेल्या क्षमेशी बांधलेली आहे. ही प्रार्थना म्हणताना आपण स्वतःवरच एक अट घालून घेत असतो.

क्षमा म्हणजे काय नव्हे

क्षमेविषयी गैरसमज पुष्कळ आहेत आणि त्यांपायी दुबळ्यांवर आणखी अन्याय होतो. म्हणून काही गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे.

क्षमा म्हणजे विसरणे नव्हे. अपमानाची वेदना न वाटणे किंवा तो विसरणे आपल्या हाती नाही, हे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने (परिच्छेद २८४३) मान्य केले आहे. पवित्र आत्म्याला स्वाधीन केलेल्या हृदयात ती आठवण करुणेत आणि प्रार्थनेत बदलू शकते, असे तो ग्रंथ शिकवतो. राग पुन्हा उसळला म्हणून आपली क्षमा खोटी होती, असे समजू नये.

क्षमा म्हणजे पुन्हा पूर्ववत विश्वास ठेवणे नव्हे. क्षमा एकट्याने करता येते. समेट मात्र दोघांनी मिळून करावा लागतो. योसेफाने आपल्याला विकणाऱ्या भावांना धान्य दिले, पण ओळख लगेच दिली नाही. धाकट्या बन्यामिनाला ते पुन्हा संकटात सोडून जातात का, हे त्याने पाहिले. यहूदाने बन्यामिनाच्या जागी स्वतः गुलाम होण्याची तयारी दाखवली तेव्हा योसेफ मोठ्याने रडला आणि मग नाते जुळले (उत्पत्ती ४४-४५).

क्षमा म्हणजे न्याय नाकारणे नव्हे. ओडिशातील मनोहरपूर येथे जानेवारी १९९९ मध्ये कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची दोन मुले, फिलिप व टिमोथी, यांना गाडीत जाळून मारण्यात आले. ग्लॅडिस स्टेन्स या प्रोटेस्टंट भगिनीने मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. कायद्याचे काम कायद्याने केले. खटला चालला आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम ठेवली. त्या स्वतः पुढील काही वर्षे बारीपदा येथे राहून कुष्ठरुग्णांची सेवा करीत राहिल्या. मनातून वैर काढणे आणि न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेणे, या दोन्ही गोष्टी तेथे शेजारी शेजारी उभ्या होत्या.

म्हणूनच मार खाणाऱ्या पत्नीला ‘क्षमा कर आणि सोसत राहा’ असे सांगणे ही ख्रिस्ती शिकवण नाही. तिचे आणि मुलांचे संरक्षण प्रथम. त्यासाठी घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ उपलब्ध आहे. क्षमेचा प्रश्न सुरक्षित जागी, तिच्या स्वतःच्या वेळेनुसार येतो.

आपल्या मातीतील साक्षी

क्षमेचा महिमा मराठी मनाला परका नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी येणाऱ्या पसायदानात ज्ञानदेवांनी दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातील दुष्टपणा जावा आणि त्यांना सत्कर्माची आवड लागावी, असे मागितले आहे. पैठणच्या संत एकनाथांविषयी परंपरा सांगते की, गोदावरीचे स्नान करून येताना एक मनुष्य त्यांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकत राहिला आणि ते प्रत्येक वेळी न रागावता पुन्हा स्नानाला गेले. शेवटी त्या माणसालाच शरम वाटली. एकनाथांच्या हयातीतच, १५७९ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय धर्मगुरू गोव्यात आले. त्यांनी ज्ञानदेव-एकनाथांच्या ओवी छंदात ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या या ग्रंथातून प्रभूचे दुःखसहन आणि पुनरुत्थान मराठी श्रोत्यांच्या कानी त्यांच्याच बोलीच्या लयीत पडले. संतांच्या वाणीने मशागत केलेल्या भूमीवर शुभवर्तमानाचे बी पडले, असे म्हणणे वावगे ठरू नये.

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव तर आपल्या घराघरांत घेतले जाते. जपानी भाषा उत्तम जाणणारे हे फ्रान्सिस्कन बंधू ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर मरण पावले. त्या टेकडीवर सव्वीस क्रूस उभे केले होते. त्यांतील एका क्रूसावर पॉल मिकी हे जपानी येशूसंघीय बंधू होते. क्रूसावरून बोलताना त्यांनी, ज्यांच्या हुकुमाने आपल्याला मृत्यू येत आहे त्या राज्यकर्त्याला आणि यात सहभागी असलेल्या सर्वांना आपण क्षमा करतो, असे सांगितले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संतपद बहाल केले. आपल्या वसईच्या संताचे मरण असे क्षमेच्या उच्चाराच्या सान्निध्यात झाले, ही गोष्ट त्यांच्या सणाच्या दिवशी आवर्जून सांगितली जावी.

धन्य राणी मारिया आणि समंदर सिंग

आपल्या काळातील एक साक्ष इंदूर परिसरातील आहे. होळकरांच्या वेळेपासून मराठी कुटुंबे जेथे नांदत आली त्याच मुलखातील. सिस्टर राणी मारिया या केरळमधील पुल्लुवळी गावच्या. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट धर्मसंघाच्या धर्मभगिनी. मध्य प्रदेशातील उदयनगर भागात त्या आदिवासी आणि भूमिहीन मजुरांना संघटित करीत होत्या. बँकेचे कर्ज आणि सरकारी योजना त्यांच्यापर्यंत पोहोचू लागल्या तसे सावकारांचे पाश सैल झाले आणि हितसंबंधी चिडले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग या तरुणाने त्यांच्यावर सुऱ्याने वार केले. त्यांच्या शरीरावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. तेव्हा त्या ४१ वर्षांच्या होत्या.

समंदरला जन्मठेप झाली. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक कॅथलिक धर्मगुरू तुरुंगात त्याला भेटत राहिले. २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने समंदरच्या हाताला राखी बांधली. बहिणीचा खून करणाऱ्याला तिने भाऊ केले. पुढे कुटुंबाने व धर्मसंघाने त्याच्या सुटकेच्या अर्जाला संमती दिली आणि २००६ मध्ये तो सुटला. २००७ च्या आरंभी तो पुल्लुवळीला राणी मारियांच्या आईवडिलांना भेटायला गेला. वृद्ध आई एलिस्वा यांनी त्याचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले; त्या हातांना आपल्या लेकीचे रक्त लागले होते, म्हणून. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आले, तेव्हा त्या सोहळ्याला समंदर सिंग उपस्थित होता.

या घटनेतील वर्षे मोजावीत. खून १९९५ मध्ये, राखी २००२ मध्ये, आईची भेट २००७ मध्ये. क्षमेची ही वाट बारा वर्षांची होती. त्यात तुरुंगवासही होता, पश्चात्तापही होता आणि मध्यस्थाच्या अनेक फेऱ्याही होत्या. आईच्या त्या चुंबनात आम्हांला पास्काची सायंकाळ दिसते. जखम कोणी नाकारलेली नाही. उलट तिच्याच खुणेवर ओठ टेकवले आहेत.

बांध, सातबारा आणि वेदी

एवढे मोठे प्रसंग वाचून आपण हेलावतो, पण आपला स्वतःचा प्रश्न बहुधा याहून लहान आणि अधिक चिवट असतो. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंद यांच्यामध्ये खडवली आहे. भातसा नदीच्या काठचा हा मुलूख भातशेतीचा. पावसाळ्यात येथील खाचरांमधून फिरले की बांध किती अरुंद असतो ते दिसते. दोन पावले शेजारी शेजारी मावत नाहीत. तरी हातभर बांध कोरल्यावरून दोन पिढ्यांचा अबोला पडू शकतो. कल्याण-डोंबिवलीची वस्ती या बाजूला सरकू लागली तशी जमिनीची किंमत वाढली आणि भावाभावांतील जुनी कुरबुर वकिलांच्या कागदांवर चढली. वसईपासून ठाण्यापर्यंत वाडीच्या वाटणीची कथा याहून निराळी नाही. भाऊबंदकी हा शब्द मराठीत रूढ आहे तो उगाच नव्हे.

नोकरीसाठी या पट्ट्यात येऊन राहिलेली ख्रिस्ती कुटुंबे अनेक ठिकाणची आहेत. १९८८ मध्ये कल्याण येथे सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला, तोही अशाच स्थलांतरितांच्या गरजेतून. मराठी असोत, कोकणी असोत वा मल्याळी, गावाकडचे भांडण मनात घेऊन आलेली माणसे सर्वत्र असतात. अंतरामुळे भांडण मिटत नाही. फक्त भेटीची वेळ टळते आणि पुढची भेट एखाद्याच्या अंत्यविधीलाच होते.

प्रभूच्या समोरही असा एक मनुष्य आला होता. भावाला वतनाची वाटणी करायला सांगा, अशी त्याची मागणी होती. प्रभूने वाटणी करणारा होण्यास नकार दिला आणि लोभापासून सावध राहण्यास सांगितले (लूक १२). पर्वतावरील प्रवचनात मात्र त्याने एक नेमकी आज्ञा दिली: वेदीपाशी अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे (मत्तय ५). दोष कोणाचा, हे येथे विचारलेलेच नाही. ज्याला आठवले त्याने उठायचे आहे. मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसादापूर्वी आपण एकमेकांना शांतिचिन्ह देतो ते या आज्ञेचेच स्मरण. दोन भाऊ मंदिरात दोन टोकांच्या बाकांवर बसून फक्त शेजारच्या अनोळखी माणसाला नमस्कार करीत असतील, तर ती खूण अपुरी राहते.

येथेही न्यायाची बाजू सोडता कामा नये. भारतातील ख्रिस्ती कुटुंबांना सामान्यतः भारतीय वारसा अधिनियम, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान आहे. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली तरच ती ‘माहेर जपणारी’ आणि न केली तर ‘मनात धरणारी’, असे म्हणणे हा क्षमेच्या नावाखाली केलेला दबाव आहे. तिचा वाटा तिला देणे ही क्षमा नाही, ते तिचे देणे आहे. देणे चुकते केल्यावर जी कटुता उरते, तिच्यावर क्षमेचा उपाय करायचा.

क्षमा कशी शिकावी

क्षमा ही एकदम येणारी भावना नाही. सवयीने अंगी बाणणारा तो सद्गुण आहे. धर्मग्रामांत आणि घरांत पाळता येतील अशा काही पायऱ्या आम्ही सुचवतो.

पहिली पायरी, जखमेला नाव द्यावे. ‘त्याने मला फसवले’ एवढे मोघम न म्हणता नेमके काय झाले, त्यात आपले काय गेले, हे देवासमोर शब्दांत मांडावे. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे अशा स्पष्ट तक्रारींची आहेत. देवाला ती चालतात.

दुसरी पायरी, आपल्या बाजूचा हिशेबही पाहावा. प्रायश्चित्त संस्काराला जाताना समोरच्याची पापे सांगण्याचा मोह होतो. आपण काय बोललो, कोणाचे कान भरले, मुलांना चुलत भावंडांकडे जाण्यापासून कसे अडवले, तेवढेच सांगावे.

तिसरी पायरी, त्या व्यक्तीचे नाव घेऊन रोज एक प्रार्थना करावी. आरंभी शब्द कोरडे वाटतील, वाटू द्यावेत. ज्याच्यासाठी माणूस महिनाभर नाव घेऊन प्रार्थना करतो त्याचा द्वेष करीत राहणे अवघड होत जाते.

चौथी पायरी, लहान कृती करावी. समेटाची सभा भरवण्याआधी आजारपणात विचारपूस, सणाला डबा, रस्त्यात भेटल्यावर एक शब्द. प्रभूनेही पेत्राशी बोलण्याआधी मासळी भाजली होती.

पाचवी पायरी, मध्यस्थ शोधावा. समंदर सिंगला स्वामी सदानंद भेटले नसते तर राखीचा दिवस उजाडला नसता. धर्मगुरू, धर्मभगिनी किंवा दोन्ही घरांत मान असलेली एखादी वडीलधारी व्यक्ती हे काम करू शकते. मध्यस्थाने निकाल देऊ नये; दोघांना एकमेकांचे ऐकवावे.

सहावी पायरी, उत्तर आले नाही तरी थांबावे. समोरचा दार उघडेलच असे नाही. आपली क्षमा त्याच्या उत्तरावर अवलंबून ठेवली तर तिची किल्ली पुन्हा त्याच्याच हाती जाते.

पन्नास दिवसांचा सण

पास्काचा सण एका रविवारी संपत नाही. पुनरुत्थान रविवारापासून पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवस तो चालतो. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांहून अधिक. पास्काचा दुसरा रविवार पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० साली दैवी करुणेचा रविवार म्हणून संपूर्ण ख्रिस्तसभेला दिला. १३ मे १९८१ रोजी ज्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या मेहमेत अली आग्जाला २७ डिसेंबर १९८३ रोजी रोमच्या तुरुंगात जाऊन ते भेटले होते. करुणेविषयी बोलण्याचा अधिकार त्यांनी असा मिळवला होता. त्या रविवारी वाचले जाणारे शुभवर्तमान दारे लावून बसलेल्या शिष्यांचे आणि थोमाचे आहे. थोमाने प्रभूला ओळखले ते त्याच्या तेजावरून नव्हे, जखमांवरून.

उपवासकाळात आपण मांसाहार सोडतो, गोडधोड सोडतो. तशी पास्काच्या पन्नास दिवसांसाठीही एक साधना ठरवता येईल. ज्याच्याशी आपण बोलत नाही असे एक नाव निवडावे आणि ते रोजच्या कुटुंबप्रार्थनेत घ्यावे. पेंटेकॉस्टच्या आत त्याच्या दारापर्यंत एकदा जाऊन यावे. भेट कशी होईल हे आपल्या हाती नाही. उठून निघणे मात्र आपल्या हाती आहे, आणि वेदीवर ठेवलेले आपले अर्पण आपल्या परतण्याची वाट पाहत आहे.

पुनरुत्थित प्रभूची शांती आपणा सर्वांच्या घरी नांदो, हीच आमची प्रार्थना.